शेतकरी, नाणे आणि पन्नास रुपये

कोरडवाहू शेतकरी भित्रा, म्हणून तो नव्या बियाण्याच्या आणि खताच्या वाटेला जात नाही, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ असतात. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात हान्स बिन्सवँगर या अर्थशास्त्रज्ञाने ही भीती मोजायचेच ठरवले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने अभ्यासासाठी सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतली गावे निवडली होती. तिथल्या लोकांपुढे त्याने खरे पैसे ठेवले आणि नाणे उडवायला लावले.

पहिल्या पर्यायात छापा पडो की काटा, 50 रुपये नक्की. दुसऱ्यात 45 किंवा 95. पुढे 40 किंवा 120, 30 किंवा 150, 10 किंवा 190 आणि सगळ्यात शेवटी शून्य किंवा 200. पुढे सरकावे तशी सरासरी वाढते, पण थोडक्यावर बोळवण होण्याची धास्तीही वाढते. (शेवटच्या दोन पर्यायांची सरासरी सारखीच, 100. तिथे वाढतो तो नुसता थरार.) मिळालेले पैसे ज्याचे त्याचे, आणि तेव्हा 50 रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. आधी हाच खेळ 50 पैशांवर झाला, मग रक्कम वाढवत नेली.

किरकोळ रकमेला लोक विखुरलेले होते. कोणी बेधडक, कोणी अतिसावध. 50 रुपयांवर मात्र बहुतेक जण मधल्या पर्यायांवर येऊन थांबले, आणि त्यात सधन-गरीब असा फारसा फरक दिसला नाही.

हे सिद्धान्ताला अडचणीचे होते. डॅनियल बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेल्या विचारानुसार माणूस आपली सगळी मालमत्ता धरून जोखीम तोलतो. तसे असते, तर बागायतदाराने पन्नास रुपयांसाठी इतके जपायचे काहीच कारण नव्हते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये वेगळेच सांगितले: आज आपण जिथे आहोत तिथून माणूस फायदा-तोटा मोजतो, आणि तोटा त्याला जास्त झोंबतो. यातल्या पहिल्या भागाला गावातल्या खेळाने दुजोरा दिला. दुसऱ्याबद्दल तो खेळ फारसे बोलत नाही, कारण कोणाच्याच पदरचे काही जात नव्हते.

मग सधन शेतकऱ्याच्या रानात नवे बियाणे आधी का दिसते? बिन्सवँगरच्या मते फरक स्वभावात नाही. कर्ज, खत-बियाणे आणि बाजार कोणाच्या हाताशी आहेत, यात तो आहे.