मिलवॉकीच्या गाडीतले जपानी फोर्क

एप्रिल 1983मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी 700 सीसीहून मोठ्या परदेशी मोटरसायकलींवरचा आयातकर 4.4 टक्क्यांवरून एकदम 49.4 टक्क्यांवर नेला. वाचवायची होती हार्ले-डेव्हिडसन. मिलवॉकीची 1903 सालची ही कंपनी होंडा, यामाहा, कावासाकी, सुझुकी यांच्यापुढे मोडकळीला आली होती. 1969पासून ती एएमएफ या उद्योगसमूहाच्या ताब्यात होती. 1981मध्ये तिच्याच तेरा अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली, तीही डोक्यावर मोठे कर्ज घेऊन.

जपानी गाड्यांपासून जिला संरक्षण मिळाले, त्या गाडीचा कार्बोरेटर केहिनचा होता आणि पुढचे फोर्क शोवाचे. दोन्ही कंपन्या जपानी.

यात लपवाछपवी होती असे मला वाटत नाही. कारण कारखान्याच्या हिशेबात आहे. फोर्कची नळी अगदी सरळ आणि गुळगुळीत घासावी लागते, तिच्यावर कठीण क्रोम चढवावा लागतो. त्यावर बारीकसा ओरखडा जरी राहिला तरी सील फाटते आणि तेल पाझरू लागते. आत तेल वाहण्याची भोके नेमक्या मापाची नसली, तर खड्ड्यात गाडी आपटते. असे काम सफाईने आणि स्वस्तात तोच करू शकतो, जो वर्षानुवर्षे प्रचंड संख्येने तेच करत आला आहे. शोवा होंडासाठी करत होती. हार्लेच्या खपात स्वतःचा फोर्क कारखाना परवडला नसता. कार्बोरेटरचेही तेच झाले. आधी टिलटसन, मग बेंडिक्स असे अमेरिकी कार्बोरेटर लावून झाले आणि 1976पासून केहिन आला.

त्याच काळात होंडाची गोल्डविंग ओहायोतल्या मेरीसव्हिलमध्ये अमेरिकी कामगारांच्या हातून तयार होत होती. टाकीवरचे नाव मात्र जपानी.

पुढे हार्लेत परदेशी सामान वाढतच गेले. व्ही-रॉडचे इंजिन 2001मध्ये पोर्शेच्या सहकार्याने झाले. बराच काळ चाके ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून येत. मोठ्या टूरिंग गाड्यांना इटलीच्या ब्रेम्बोचे ब्रेक लागले. हौसेने बसवायचे क्रोमचे सामान आणि गरुडाच्या चित्राची जाकिटे उलटून पाहिली, तर लेबलावर अनेकदा आशियातल्या देशाचे नाव सापडते.

माझी तक्रार फोर्कबद्दल नाही, त्या गाडीला ते शोभतात. तक्रार आहे न छापलेल्या माहितीची. वस्तूवर 'अमेरिकेत बनवलेली' असे बिनशर्त छापायचे, तर ती सगळी किंवा जवळजवळ सगळी तिथलीच हवी, असा अमेरिकी व्यापार आयोगाचा दंडक आहे. मोटारींसाठी 1992चा कायदा त्याहून पुढे जातो: किती टक्के सामान अमेरिका-कॅनडातले, इंजिन कुठले, जुळणी कुठे झाली, हे काचेवरच्या कागदावर लिहावे लागते. मोटरसायकल त्या कायद्यात येत नाही. वास्तविक जी गाडी झेंडा दाखवून विकली जाते, तिच्यावर हा कागद सगळ्यात आधी हवा. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला तेवढे कळायलाच हवे.

भारतात हा प्रश्न उलट बाजूने येतो. हार्लेची स्ट्रीट 750 हरियाणातल्या बावलमध्ये बनत होती; 2020मध्ये कंपनीने तो कारखाना बंद केला. 2023मध्ये आलेली एक्स 440 हीरो मोटोकॉर्प बनवते. तिच्या टाकीवर मात्र मिलवॉकीचेच नाव असते आणि गिऱ्हाईक मोजतो त्यातला बराचसा पैसा त्या नावाचा असतो.