शिस्त आणि शब्दाची पत

संध्याकाळी साडेसातची वेळ. किराणा दुकानाच्या दारात चार वर्षांचे एक मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरते. आई दिवसभराच्या नोकरीने थकलेली. हातात जड पिशवी, भोवती बघे. प्रथम ती म्हणते, ‘मुळीच मिळणार नाही.’ मग ‘इथेच सोडून जाईन’, मग ‘पोलिसांना देईन’. अखेरीस पाठीत एक धपाटा बसतो आणि पाठोपाठ चॉकलेटही हाती पडते. नकार ही होकाराची पहिली पायरी असते, हा धडा मूल त्या पाच मिनिटांत पक्का शिकते.

मुलांच्या शिस्तीचा प्रश्न आपल्याकडे ‘मार की लाड’ असा मांडला जातो. वस्तुतः तो पालकांच्या शब्दाच्या पतीचा प्रश्न आहे. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हे इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ मध्येच प्रतिपादिले होते. जाहीर केलेले धोरण ऐन वेळी बदलण्याची मुभा सरकारला असली, की लोक त्या धोरणावर विसंबत नाहीत, असे किडलंड व प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. नागरिक सरकारविषयी जो हिशेब करतात, तोच हिशेब मूल आईबापांविषयी करते. अमलात न येणाऱ्या धमक्या भरमसाट छापलेल्या नोटांसारख्या असतात. जितक्या अधिक, तितके त्यांचे मोल कमी.

म्हणून नियम मोजके असावेत, आधी सांगितलेले असावेत आणि आजी-आजोबांसह साऱ्या घराचे त्यांवर एकमत असावे. परिणाम लहान, तत्काळ व चुकीशी निगडित असावा. मुद्दाम पाणी सांडले, तर फडके घेऊन पुसावे. खेळणे फेकले, तर ते त्या संध्याकाळपुरते कपाटावर जावे. ‘महिनाभर टीव्ही बंद’ ही शिक्षा तिसऱ्या दिवशी पालकांनाच पेलेनाशी होते.

आमिषाचेही तेच. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढावयास लावले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांची चित्रांची ओढ कमी झालेली आढळली. कौतुकाचे दोन शब्द जरूर द्यावेत. पण प्रत्येक घासाला भाव ठरवू नये.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. घरातील मार मात्र चालूच आहे, कारण तो तत्क्षणी यशस्वी वाटतो. परंतु त्यातून मूल चूक टाळण्यापेक्षा ती लपविण्यास अधिक शिकते.

थकलेल्या पालकांनी एवढा संयम कोठून आणावा, हा आक्षेप रास्त आहे. तथापि रोजच्या घासाघिशीपेक्षा पाळलेला एक नियम कमी शक्ती खातो. रविवारी बागेत नेण्याचे वचनही तितक्याच कसोशीने पाळले पाहिजे. धमकी व वचन ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. गच्चीच्या कठड्यावर चढू पाहणारे मूल आईच्या एका हाकेने थांबते, ते आवाजाच्या जोराने नव्हे. आजवर पाळलेल्या शब्दांच्या पुण्याईने.