विजेचे बिल कोण वाढवते?

रॉकेलचा दिवा होता तेव्हा एक गोष्ट बरी होती. बाटली रिकामी होताना डोळ्यांना दिसत असे. तेल संपत आले की घरची बाई वात खाली करी. विजेचे तसे नाही. वीज तारेतून येते. किती आली, कुठे गेली, काही दिसत नाही. महिना झाला की बिल येते आणि घरात कटकट सुरू होते. आजोबा म्हणतात, "पोरं सारखा टीव्ही लावून बसतात." पोरं म्हणतात, "आजोबांचा पंखा रात्रंदिवस फिरतो." सासूबाई सुनेच्या मिक्सरकडे बोट दाखवतात. खरा दोष कुणाचा, ते मात्र कुणी मोजत नाही.

मोजता येते. त्याला मोठे शिक्षण लागत नाही. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, गुणाकार येतो. तेवढे पुरे आहे.

दूध आपण लिटरने घेतो, धान्य किलोने घेतो. वीज युनिटने मिळते. आता युनिट म्हणजे काय? प्रत्येक विजेच्या वस्तूवर तिची भूक लिहिलेली असते. त्या भुकेला वॉट म्हणतात. बल्बच्या मानेवर, मिक्सरच्या बुडाला, टीव्हीच्या पाठीवर बघा. एक आकडा असतो आणि त्याच्यापुढे इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर असते. तेच वॉट. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॉटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट.

म्हणजे दोन गोष्टी बघायच्या. भूक किती, आणि जेवते किती वेळ.

चला, आता घरातले भांडण मिटवू. पाटी घ्या किंवा वहीचे मागचे पान घ्या.

मिक्सर ५०० वॉटचा आहे. आवाज केवढा! सारी आळी जागी होते. पण तो दिवसातून चालतो दहा मिनिटे. महिन्याचे झाले पाच तास. ५०० गुणिले ५, म्हणजे २५००. त्याला १००० ने भागा. अडीच युनिटे झाली. सुनेवर उगाच आळ आला होता.

टीव्ही नव्या पद्धतीचा, चपटा, ५० वॉटचा धरू. रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिटे. ठीक आहे.

आता पंखा. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. मिक्सरपुढे ही भूक काहीच नाही. आवाजही नाही. पण उन्हाळ्यात तो पंधरा तास फिरतो. ७५ गुणिले १५, गुणिले ३०. किती झाले? ३३,७५०. म्हणजे जवळजवळ ३४ युनिटे. एका पंख्याची! घरात दोन पंखे असतील तर दुप्पट. मी पस्तीस वर्षे शाळेत गणिते घातली. पण हे गणित मोठ्या माणसांपुढे मांडले की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग आजोबांचा पंखा बंद करायचा काय? मुळीच नाही. ऐन वैशाखात पत्र्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करणे हा पाप करण्याचाच प्रकार आहे. पंखा बंद करू नका. पंखा बदला. आणि जमले तर डोक्यावरचा पत्रा थंड करा. पत्र्याचे पुढे सांगतो.

आज बाजारात नव्या मोटारीचे पंखे मिळतात. दुकानदार त्यांना बी.एल.डी.सी. पंखे म्हणतात. वारा तेवढाच, पण भूक ३० वॉटच्या आसपास. तोच हिशोब करा. ३० गुणिले १५, गुणिले ३०. साडेतेरा युनिटे. महिन्याला २० युनिटे वाचली. हा पंखा साध्या पंख्यापेक्षा हजार-बाराशे रुपयांनी महाग पडतो, हे खरे. पण युनिटला पाचच रुपये धरले, तरी उन्हाळ्याच्या एका महिन्यात शंभर रुपये परत येतात. थंडीत पंखा कमी फिरतो, तेव्हा कमी येतात. दीड-दोन वर्षांत जादा दिलेले पैसे फिटतात. पंखा त्याहून पुष्कळ जास्त वर्षे टिकतो.

खरे तर फायदा याहून मोठा आहे. तो समजायला बिल नीट वाचावे लागेल. आपल्या महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर एक नाही. त्याचे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटांना कमी दर. १०१ पासून ३०० पर्यंत बराच जास्त. त्यापुढे आणखी जास्त. पुष्कळ लोकांना वाटते, १०० ची रेघ ओलांडली की सगळीच युनिटे महाग होतात. तसे नसते. रेघेच्या वर गेलेलीच युनिटे महाग होतात.

समजा, तुमची १२५ युनिटे झाली. पहिली १०० स्वस्तातली, वरची २५ महागातली. आता तुम्ही २० युनिटे वाचवली. कुठली वाचली? वरची वाचली! स्वस्त युनिटे जागेवरच राहिली, महागडी गळाली. म्हणून अशा घरात थोडी वीज वाचली तरी बिल चांगलेच उतरते. बिलावर टप्पे छापलेले असतात. आजच काढून बघा.

दिव्याचे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ घरांतून हे काम झालेले आहे. जुना काचेचा पिवळा बल्ब तारेला तापवून उजेड देतो. त्याला शंभर पैशांची वीज दिली तर जेमतेम पाच पैशांचा उजेड पडतो, बाकीची सारी उष्णता. हात लावून पाहिलेल्याला हे सांगायला नको. ६० वॉटचा असा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळजवळ ११ युनिटे जातात. तेवढाच उजेड देणारा एल.ई.डी. बल्ब ९ वॉटचा असतो. त्याला दीड युनिटाच्या थोडे वर लागते. केंद्र सरकारने २०१५ साली उजाला नावाची योजना काढून असे ३६ कोटींहून अधिक बल्ब स्वस्तात वाटले. तरी गोठ्यात, न्हाणीघरात, देवघरात जुना पिवळा बल्ब अजून लटकलेला दिसतो. रात्रभर जळतो तो नेमका गोठ्यातला असतो!

आता मीटरकडे जाऊ. मीटर उघडायचे नाही, त्याला हात लावायचा नाही. नुसते बघायचे. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. जवळच इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा दुसरा. ३२०० चा अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातले सगळे बंद करा, फक्त पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवा. घड्याळ लावून पाच मिनिटे मोजा. ३२०० च्या मीटरवर जुना ७५ वॉटचा पंखा सुमारे २० वेळा लुकलुकवील. नवा ३० वॉटचा सुमारे ८ वेळा. दुकानदार खरे बोलला की नाही, ते मीटर सांगते. मुलांना हे मोजायला फार आवडते.

मग पंखाही बंद करा. आता लुकलुक थांबली पाहिजे. थांबली नाही, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे. बहुधा टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स असतो. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो डबा जागाच असतो. त्याला १० वॉट लागतात असे धरले, तरी रात्रंदिवस मिळून महिन्याला सात युनिटे जातात. टीव्हीने खाल्ली तेवढीच, आणि तीही कुणी बघत नसताना! भिंतीवरचे बटण बंद करा. तेही बंद केले आणि तरीही दिवा लुकलुकतो आहे, असे झाले तर वायरमनला बोलवा. वायर कुठे तरी गळत असेल. ओल्या भिंतीत असे होते, आणि त्यात बिलापेक्षा जिवाचा धोका मोठा.

पंख्याच्या रेग्युलेटरविषयी एक शब्द. भिंतीवर मोठा चौकोनी जुना रेग्युलेटर असेल तर त्यावर हात ठेवून बघा. गरम लागतो ना? पंखा हळू केला की वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या डब्यातच तापून जाते. लहान, नव्या पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये ती खरोखर वाचते. नवा बी.एल.डी.सी. पंखा घेतलात तर त्याला मात्र रेग्युलेटर लावायचाच नाही. त्याचा वेग त्याच्या रिमोटवर असतो.

फ्रीज घेताना ताऱ्यांची चिठ्ठी बघतात. ती देण्याचे काम ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो करतो. हा ब्यूरो २००१ च्या कायद्याने २००२ साली स्थापन झाला. पंख्यांनाही ही चिठ्ठी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. पण नुसते तारे मोजू नका. ताऱ्यांची कसोटी दर काही वर्षांनी कडक होते. जुने पाच तारे आजचे पाच नव्हेत. फ्रीजच्या चिठ्ठीवर वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडाही छापलेला असतो. दोन फ्रीज शेजारी उभे असतील तर तो आकडा वाचा. घरी फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याच्या पाठीला वारा लागू द्या.

आणि एक सावधगिरी. बाजारात, आठवडी बाजारात सुद्धा, वीज वाचवण्याची एक डबी विकतात. भिंतीत खोचा, बिल अर्धे होईल, असे सांगतात. ते खोटे आहे. घरचा मीटर जी युनिटे मोजतो ती या डबीने कमी होत नाहीत. उलट तिच्यावरचा हिरवा दिवा तुमचीच वीज खातो. तेवढ्या पैशांत एल.ई.डी. बल्ब येतील.

आता छपराचे. पंखा हवा थंड करत नाही. असलेलीच हवा फिरवतो. वर पत्रा तापला असेल तर पंखा तीच तापलेली हवा अंगावर ढकलतो. भर दुपारी पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो. खानदेशात, मराठवाड्यात जुनी धाब्याची घरे होती. जाड माती ऊन आत येऊ देत नसे. कोकणात कौलाखाली माळा असे, तो ऊन अडवी. पत्रा स्वस्त आणि हलका आला, पण त्याने ऊन थेट आपल्या उशाशी आणून ठेवले.

उन्हाने माणूस मरतो, ही सांगोवांगी नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक माणसे जास्त मेली, असे मागाहून अभ्यासात दिसले. पुढे २०१३ साली तिथल्या महानगरपालिकेने उन्हाळ्यासाठी योजना केली, आणि २०१७ साली वस्त्यांतली छपरे चुन्याने पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण सरकारने तर २०२३ साली अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. कारण साधे आहे. काळे छप्पर ऊन पिते, पांढरे छप्पर ऊन परत फेकते. आतली खोली दोन-तीन अंशांनी तरी उतरते. ४४ अंशांच्या दुपारी दोन-तीन अंश म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या माणसाला विचारा.

हे काम होळी झाली की करावे. विरलेला चुना गाळून घ्यावा. चिकटपणासाठी त्यात थोडे फेविकॉल मिसळतात. आधी छप्पर झाडून, धुऊन घ्यावे. धुळीवर चुना बसत नाही. दोन हात द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. उन्हाच्या आधी, सकाळी करावे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो फुटतो आणि माणूस खाली येतो. फळी टाकून, जमले तर शिडीवरूनच, लांब दांड्याच्या ब्रशने काम करावे. डोळ्यांत चुना उडू देऊ नये. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावे लागते. पहिल्या पावसाचे पन्हाळीचे पाणी पिण्याच्या पिंपात धरू नये. त्यात चुना उतरलेला असतो.