अकरा नंबरचा लोमू

१८ जून १९९५. दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन. रग्बी विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. सामना नुकताच सुरू झालाय आणि अकरा नंबरची जर्सी घातलेला न्यूझीलंडचा जोना लोमू चेंडू घेऊन डाव्या कडेनं सुटलाय. वय अवघं वीस!

पहिला अडवणारा मागे पडला. दुसऱ्यानं मागून पायाला हात मारला, लोमू अडखळला. समोर उरला इंग्लंडचा एकटा माइक कॅट. तोल गेलेला माणूस आता पडणारच ना? छे! लोमू थेट कॅटच्या अंगावरून पुढे गेला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला. याला म्हणतात ट्राय. त्या दिवशी त्यानं असे चार ट्राय केले!

कबड्डीत चढाईपटूला कसे तिघं-चौघं मिळून धरतात, तसं याला धरणं का जमेना? चला, गणित करू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तुमचं वजन ३५ किलो आणि तुम्ही सेकंदाला ५ मीटर धावताय, तर उत्तर १७५. लोमूचं वजन जवळपास १२० किलो, आणि धाव सेकंदाला १० मीटरच्या आसपास. उत्तर १२००! म्हणजे तुमच्यासारखी सात मुलं एकाच वेळी येऊन धडकली असं समजा. इतकी जड माणसं सहसा इतकी पळत नाहीत. लोमूची खरी नवलाई हीच.

पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते त्याच्या पोटातल्या गोष्टीचं.

आपली मूत्रपिंडं मुठीएवढी. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. त्या रक्तातली घाण बाहेर जाऊ देतात, पण प्रथिनं आत राखतात. लोमूच्या गाळण्या बिघडल्या होत्या. प्रथिनं लघवीवाटे गळून जायची, अंगाला सूज यायची, थकवा यायचा. हा आजार कळला १९९५ सरता सरता. आणि तरीही १९९९च्या विश्वचषकात या पठ्ठ्यानं आठ ट्राय केले!

२००३मध्ये मूत्रपिंडं इतकी थकली, की डायलिसिस सुरू करावं लागलं. म्हणजे रक्त नळीतून यंत्रात न्यायचं, गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. पुढच्या वर्षी वेलिंग्टनच्या एका रेडिओ निवेदकानं आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं. हो, एकावरही माणूस छान जगतो! दुसऱ्याचा अवयव शरीराला परका वाटतो, म्हणून त्याच्याशी भांडण होऊ नये यासाठी रोज औषधं घ्यावी लागतात. तीही घेत लोमू २००५मध्ये पुन्हा मैदानात उतरला.

ते मूत्रपिंड २०११मध्ये निकामी झालं. १८ नोव्हेंबर २०१५ला, चाळिसाव्या वर्षी, लोमू गेला. ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर त्याला निरोप द्यायला माणसं जमली, तेव्हा त्याचे जुने सवंगडी जमिनीवर पाय आपटत, छातीवर हात मारत ‘हाका’ नावाचा नाच नाचले. सामन्याआधी तोही त्यांच्यासोबत असाच नाचायचा.