परदेशी शिक्षण आणि महिन्याचा जमाखर्च

आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. प्रवेशाचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. विद्यापीठाची फी किती, विमानाचे तिकीट किती, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. परंतु तेथे गेल्यावर दर महिन्याला खोलीभाडे, जेवणखाण, प्रवास आणि औषधपाणी यांना किती पैसे लागतील, याचा हिशेब कागदावर मांडलेला फारच थोड्या घरांत आढळतो. वास्तविक फी वर्षातून एकदोनदा भरायची असते, पोटाला मात्र रोज लागते. म्हणून या लेखात त्या रोजच्या खर्चाचा विचार करावयाचा आहे.

घर सोडून दूर राहण्याचा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. आपल्या वाडवडिलांपैकी अनेकजण मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला होते. पगार हाती आला की खोलीचा वाटा, खानावळीचे पैसे, गावाकडची मनीऑर्डर आणि उरले तर हातखर्च, हा क्रम ठरलेला असे. विटा-खानापूर-आटपाडी भागातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, तीही असाच हिशेब ठेवून. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा जमाखर्च मुळात हाच आहे. फरक इतकाच की, तेथे नाणे परके असते आणि अडचणीच्या वेळी हाक मारायला शेजारी गाववाला असेलच असे नाही.

बाबासाहेबांचा हिशेब

या विषयावर सर्वांत मोठा धडा आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतून मिळतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ज्यांचे नाव दाखल झाले, तो विद्यार्थी जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये धरले तर ही रक्कम १७२ रुपये ८ आणे होते. अमेरिकेच्या चलनात ते सुमारे ५६ डॉलर. रुपयांत पाहिले तर रक्कम मोठी वाटते. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्यातूनच खोली, जेवण, पुस्तके आणि मुंबईतील कुटुंबाला पाठवायचे पैसे, हे सारे भागवावे लागे. वडील रामजी सुभेदार फेब्रुवारी १९१३ मध्येच वारले होते, त्यामुळे घरचा भारही त्यांच्यावरच होता. एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांस किंवा मासळीची एक बशी, असे त्यांचे जेवण असे, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. येथे बुद्धी कमी पडली नव्हती, पैशाची मुदत संपली होती. मग त्यांनी काय केले? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी केली, काटकसरीने राहून शिल्लक टाकली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत मिळविली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले.

इतकी तयारी करूनही एक संकट आलेच. ते होते हुंडणावळीचे, म्हणजे विनिमयाच्या दराचे. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहूनही अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. आता गणित करून पाहा. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने ३३३ पौंड. रुपये तेवढेच, पण तिसरा हिस्सा गेला. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले, त्यामागे हुंडणावळीची ही घसरणच होती. ज्या रुपयाने त्यांची अडचण केली, त्याच रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळविली.

आपल्या भाषणांतून बाबासाहेबांच्या लंडनमधील उपासमारीचे, दुपारच्या उपासाचे आणि रात्रीच्या भाजलेल्या पापडांचे वर्णन नेहमी होते. ते ऐकून डोळ्यांत पाणी येते, आणि यावे. परंतु त्यातून 'बाबासाहेब उपाशी राहून शिकले, मग आपल्या पोरानेही तसेच शिकावे' असा अर्थ कोणी काढू नये. उपास ही त्यांची योजना नव्हती, ती त्यांच्यावर लादली गेलेली परिस्थिती होती. त्यांची योजना निराळी होती: आधी शिल्लक टाकणे, लागणाऱ्या रकमेचा नेमका आकडा काढणे, आणि कमी पडेल तेथे विश्वासाच्या माणसाकडे स्पष्टपणे मागणे. अनुकरण करायचे ते या योजनेचे.

आजचे आकडे

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू आहे. केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या योजनांत शिकवणी शुल्काशिवाय निर्वाह भत्ता मिळतो. तो इंग्लंडसाठी वर्षाला ९,९०० पौंड आणि अमेरिका व इतर देशांसाठी १५,४०० डॉलर असा ठरलेला आहे. पुस्तके वगैरे आकस्मिक खर्चासाठी अनुक्रमे १,१०० पौंड आणि १,५०० डॉलर वेगळे असतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक समाज कल्याण कार्यालयातून घेऊन स्वतः वाचावे.

आता ९,९०० ला बाराने भागा. महिन्याला ८२५ पौंड येतात. इंग्लंडच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचा जो आकडा धरला आहे, तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. त्या मापाने भत्ता लंडनमध्ये महिन्याला ७०४ पौंडांनी आणि लंडनबाहेर ३४६ पौंडांनी कमी पडतो. पौंड १२० रुपये धरला तर ही तूट लंडनमध्ये सुमारे ८४ हजार आणि बाहेर सुमारे ४१ हजार रुपये होते, तीही दर महिन्याला. काटकसरीने राहणारा विद्यार्थी यापेक्षा कमी खर्चात भागवू शकतो, हे खरे. परंतु तूट कोठून भरून काढायची, हा प्रश्न विमानात बसण्यापूर्वी सुटला पाहिजे. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला असेल आणि दोन्ही सारखीच चांगली असतील, तर लहान शहरातील विद्यापीठ निवडल्याने जेवढी बचत होते, तेवढी कोणत्याही काटकसरीने होत नाही.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. मात्र तेथे व्हिसासाठी एका बंद खात्यात वर्षाची रक्कम आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो करण्यात आली. या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ज्या देशात असे बंधन नाही, तेथेही विद्यार्थ्याने स्वतःवर ते घालून घ्यावे. भत्त्याचा हप्ता तीन किंवा सहा महिन्यांचा एकदम आला, तर तो बचत खात्यात ठेवावा आणि दर एक तारखेला ठरलेली रक्कमच खर्चाच्या खात्यात वळती करावी.

वही कशी मांडावी

दोनशे पानी वही घ्यावी आणि खर्चाचे पाच भाग करावेत.

पहिला, निघण्यापूर्वीचा खर्च: पासपोर्ट, व्हिसा, आरोग्य शुल्क, तपासण्या, तिकीट, गरम कपडे. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला आरोग्यसेवेचे शुल्क वर्षाला ७७६ पौंड या दराने व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावे लागते, हे अनेकांना आयत्या वेळी कळते. यातले काय शिष्यवृत्तीतून मिळते आणि काय आधी पदरचे घालून मग परत मिळते, याची वेगळी नोंद करावी.

दुसरा, पहिल्या महिन्याचा खर्च. खोलीची अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, फोन. पहिला महिना नेहमीच्या महिन्याच्या दुप्पट धरावा.

तिसरा, दरमहाचा खर्च: भाडे, वीज आणि गरम हवेचे बिल, किराणा, प्रवास, फोन, कपडे धुणे, केस कापणे. भाड्यात वीज धरली आहे की नाही, हे करार करतानाच विचारावे. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलती पहिल्याच आठवड्यात मागून घ्याव्यात. लंडनमध्ये विद्यार्थी कार्डावर प्रवासाच्या पासात ३० टक्के सूट मिळते. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला स्थानिक घरपट्टीसारखा कौन्सिल कर माफ असतो.

चौथा, राखीव रक्कम. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला, आजारपण आले, तर किमान तीन महिने निघतील एवढे पैसे हाताशी असावेत. ही रक्कम सणासुदीला, सहलीला मोडायची नाही.

पाचवा भाग आपण सहसा लिहीतच नाही. तो म्हणजे घरचा खर्च. मुलगा कमावता असेल आणि नोकरी सोडून जात असेल, तर आईवडिलांचे औषध, बहिणीचे शिक्षण, पतसंस्थेचा हप्ता यांचे पुढे काय? हे घरात सर्वांना बसवून बोलून घ्यावे. नाहीतर 'परदेशी गेला म्हणजे पैसे पाठवील' असे घरच्यांना वाटत राहते आणि तिकडे मुलगा भत्त्यातून पैसे काढून पाठवीत राहतो.

जेवणाच्या बाबतीत एकच सांगतो. ज्याला डाळ-भात, भाकरी आणि दोन भाज्या करता येतात, त्याचा खर्च निम्म्याने हलका होतो. मुलग्यांना हे घरी शिकवूनच पाठवावे. कुकर, चटणी, सांगलीची हळद बरोबर द्यावी. पण साताऱ्याचे कंदी पेढे आणि तूप इंग्लंडला देऊ नयेत. दुधाचे पदार्थ आपल्या देशातून तेथे नेण्यास मनाई आहे, ते विमानतळावरच काढून घेतले जातात.

रुपया, कर्ज आणि कमाई

तेथे पोहोचल्यावर प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत गुणून पाहण्याची सवय सोडावी. पहिल्या महिन्यात ती माणसाला उपाशी ठेवते. तेथील खर्च तेथील भत्त्याशीच ताडून पाहावा. रुपयांत गुणाकार करायचा तो येथून पाठवणाऱ्यांनी. २०१४ मध्ये साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशीच्या पुढे गेला. म्हणून घरून पाठवायच्या रकमेत दरवर्षी निदान दहा टक्के वाढ धरून ठेवावी. १९२१ चा धडा आपण विसरता कामा नये.

शैक्षणिक कर्ज घेताना बँकेला खर्चाचा पूर्ण तक्ता द्यावा. राहण्याजेवणाचा खर्चही कर्जात धरता येतो. पुष्कळ पालक केवळ फीपुरतेच कर्ज मागतात आणि नंतर सावकाराचे दार ठोठावतात. परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात साधारणपणे १५ टक्के स्वतःची भर घालावी लागते, त्यात शिष्यवृत्तीची रक्कम धरता येते. शिक्षण चालू असताना जमेल तेवढे व्याज भरत गेल्यास पुढचा हप्ता हलका होतो.

अर्धवेळ कामाच्या कमाईवर अंदाजपत्रक उभे करू नये. इंग्लंडमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला वीसच तास काम करता येते आणि शिष्यवृत्तीच्या अटीही पाहाव्या लागतात. काम मिळाले तर ती कमाई राखीव भागात टाकावी.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला ऐहिक सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता, म्हणजे आय पाहून व्यय करणे, हात फार सैल नाही आणि फार आखडताही नाही. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही; ती नसती तर तो तेथवर पोहोचलाच नसता. उरलेल्या तिन्हींसाठी त्याला आपली साथ हवी.

त्यातही कल्याणमित्राचे काम आपली संस्था करू शकते. सत्काराच्या हार-शालीचा खर्च थोडा कमी करून एक लहानसा बिनव्याजी उसनवार निधी उभारावा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंत विद्यार्थ्याला त्यातून पैसे द्यावेत आणि हप्ता आला की त्याने ते परत करावेत, म्हणजे पुढच्याच्या कामी येतील. नवल भथेनांचे पाच हजार रुपये वेळेवर मिळाले, त्याचे मोल आपण सारे जाणतो. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी यावर विचार करावा, एवढीच विनंती.

जयभीम!