पालथ्या पेल्यातील पाणी

हवेस वजन असते, हवा सर्व बाजूंनी दाब देते, ही वाक्ये आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. परीक्षेच्या कागदावर ती उतरली की गुण मिळतात आणि विषय संपतो. परंतु त्याच मुलास घरी विचारावे, "बाळ, पंप विहिरीतले पाणी वर कसे आणतो?" तर उत्तर येते, "ओढून!" म्हणजे पाठ केलेले वाक्य पुस्तकातच राहिले. ते डोळ्यांपुढे उभे करणारा एक लहानसा प्रयोग आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो शाळेच्या वर्गात होतो, तसाच घराच्या पडवीतही होतो.

प्लॅस्टिकचा एक पेला घ्यावा. वडील माणसाने तापविलेल्या दाभणाने त्याच्या तळाला एक बारीक भोक पाडावे. ते बोटाने घट्ट झाकून पेला पाण्याने काठोकाठ भरावा. त्यावर जाड, गुळगुळीत कागद ठेवावा. जुने पोस्टकार्ड उत्तम. मग कागद तळहाताने दाबून व भोकावरचे बोट न हलविता पेला बादलीवर पालथा धरावा आणि कागदाखालचा हात हळूच काढून घ्यावा. पाणी पडत नाही!

मुले टाळ्या पिटतील. पण खरा धडा पुढेच आहे. "कागद ओला होऊन चिकटला," असे कोणी तरी म्हणणारच. त्याच्याशी वाद घालू नये. भोकावरचे बोट उचलावे, म्हणजे झाले. तत्क्षणी कागद सुटतो आणि पाणी बादलीत कोसळते. कागद तोच, ओलावाही तोच. बदलले ते इतकेच की, वरून हवेला वाट मिळाली. काठाशी पाण्याचा पातळ थर हवेस आत शिरू देत नाही, एवढे काम ओलाव्याचे खरे. पाण्याचा भार मात्र तोलून धरते ती कागदाखालची हवा. तेलाच्या बंद डब्याला दुसरे भोक पाडल्यावाचून तेल सरळ का ओतत नाही, याचे मर्मही हेच.

ही हवा किती जोर लावते? समुद्रकिनाऱ्यावर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो भाराइतका. १० सेंटीमीटर उंचीच्या पेल्यातील पाणी तेवढ्याच जागेवर अवघा १० ग्रॅम भार टाकते. शंभरास एक, असा हा सामना! हाच दाब आपल्या तळहातावरही असतो. परंतु तो वरून, खालून व बाजूंनी सारखाच असल्यामुळे आपणांस जाणवत नाही.

हे कोडे विद्वानांनाही पूर्वी पडले होते. पंपाने पाणी सुमारे १० मीटरांपलीकडे चढत नाही, हे इटलीत ठाऊक होते. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. त्याच्यामागून तोरिचेल्लीने पाण्याऐवजी १३.६ पट जड असा पारा नळीत भरून पाहिला. तो सुमारे ७६ सेंटीमीटरांवर स्थिरावला. आपण हवेच्या सागरतळाशी राहतो, असे त्याने १६४४ साली लिहून ठेविले. तसे असेल, तर डोंगरावर हवेचा थर कमी, म्हणून पाराही खाली यावयास हवा. फ्रान्समध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्युई द डोम डोंगरावर चढला. खाली क्लेरमाँ गावी मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवून एका धर्मबंधूस दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवावयास सांगितले होते. खालचा पारा हलला नाही. शिखरावरचा सुमारे साडेआठ सेंटीमीटर उतरला. आपल्याकडेही पणजीस सुमारे ७६ सेंटीमीटर राहणारा पारा ७५० मीटर उंचीवरील बेळगावात ७० च्या आसपास येतो.

आता पुन्हा विहिरीकडे वळू. काठावरचा पंप पाणी ओढीत नाही. तो नळातील हवेचा दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलते. तिची ताकद १० मीटरांची. बेळगावच्या उंचीवर त्याहूनही थोडी कमी. नळातील घर्षण वगैरे जमेस धरता प्रत्यक्षात ६-७ मीटरांचाच भरवसा धरावा. पावसाळ्यात उत्तम चालणारा पंप पाण्याची पातळी उतरताच वैशाखात कोरडा का फिरतो, हे यावरून कळेल. अशा वेळी कित्येक कुटुंबे कर्ज काढून अधिक अश्वशक्तीचा पंप आणतात आणि तोही त्याच काठावर बसवितात. पैसा जातो, पाणी येत नाही. कारण ढकलणारी हवा तीच! पंप पाण्याजवळ खाली बसवावा, किंवा पाण्यात बुडणारा घ्यावा. तो पाणी खालून रेटतो, म्हणून ही मर्यादा त्यास नाही. कूपनलिकेच्या हातपंपाचा दट्ट्याही याच कारणाने खोल पाण्यात ठेवितात. आणि पाणी जवळ असूनही चढत नसेल, तर आधी नळाचे सांधे व तळाची झडप पाहावी. सांध्यातून हवा शिरणे म्हणजे पेल्याच्या भोकावरचे बोट उचलणेच होय.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, हा प्रयोग मुलांच्या हातून करवून घ्यावा आणि उत्तर लगेच सांगू नये. बोट उचलल्यावर पाणी का पडले, हे ज्या मुलाने स्वतः शोधून काढले, ते उद्या विहिरीच्या काठावर वडिलांस योग्य सल्ला देईल.