गळ्यात अजगर घालून रील करणं वेगळं, अजगर पाळणं वेगळं

इन्स्टावर स्क्रोल करताना असं एखादं रील दिसतंच. सोफ्यावर बसलेला माणूस, गळ्यात दहा फुटी अजगर, मागे गाणं. आणि खाली कमेंट, "किती शांत आहे हा, मला पण पाहिजे."

पण शांत दिसणारा साप शांत असतोच असं नाही. त्यासाठी आपण एकच जात बघू, आफ्रिकन रॉक पायथन.

हा साप नेमका कसा असतो?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे सापडणारा हा आफ्रिकेतला सगळ्यात मोठा साप. दहा-पंधरा फूट लांबी तो सहज गाठतो. विष नसतं, पण साप पाळणाऱ्यांमध्ये तो बदनाम आहे स्वभावामुळे. बॉल पायथन घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं लपवतो. रॉक पायथन मात्र फूत्कार टाकतो आणि थेट चावतो. अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली मादी तर कुणाला जवळही येऊ देत नाही.

गोम अशी, की पिल्लू घरी येतं तेव्हा ते जेमतेम दोन फुटांचं असतं.

लहानपणापासून सांभाळला तर?

सापाला माणसाची सवय होते, पण कुत्र्यासारखा लळा लागत नाही. त्याच्या ओठांपाशी उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. वास आणि ऊब या दोन गोष्टींवरून तो भक्ष्य ओळखतो. तुम्ही आत्ताच ससा किंवा उंदीर हाताळला असेल, तर तुमचा ऊबदार हात त्याच्यासाठी जेवणच. तो रागावलेला नसतो, चुकलेला असतो. पण त्या चुकीची किंमत माणूस मोजतो.

तो विळखा घालतो तेव्हा काय होतं?

अजगर भक्ष्याची हाडं मोडून मारतो, हा गैरसमज. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ सापाच्या विळख्यातल्या उंदरांचा अभ्यास केला, तेव्हा काही सेकंदांतच त्यांचं रक्ताभिसरण कोलमडलेलं दिसलं. माणसाच्या छातीला किंवा मानेला विळखा बसला, तर श्वासही कोंडतो. एकट्याने तो सोडवणं जवळपास अशक्य. म्हणूनच अनुभवी लोक मोठा अजगर एकट्याने कधीच हाताळत नाहीत.

हे फक्त भीती घालणं आहे का?

अजगरामुळे होणारे मृत्यू दुर्मीळ आहेत, हे खरं. पण याच जातीच्या दोन घटना बघा.

२०१३, कॅनडातलं कॅम्पबेल्टन. प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात ठेवलेला रॉक पायथन हवेच्या नळीतून निसटला. त्याच घरात झोपलेली ४ आणि ६ वर्षांची दोन भावंडं सकाळी मृतावस्थेत सापडली. सापाच्या मालकावर खटला चालला, २०१६ मध्ये तो निर्दोष सुटला. मुलं मात्र परत आली नाहीत.

२०१७, इंग्लंडमधलं हॅम्पशायर. साप पाळण्याचा अनेक वर्षांचा अनुभव असलेला तरुण आपल्या खोलीत एकटा होता. जवळ सुमारे ८ फुटी रॉक पायथन, अगदी हातावर मावायचा तेव्हापासून सांभाळलेला. तरुणाचा मृत्यू श्वास कोंडून झाला आणि तो या सापामुळेच झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

पहिल्या घटनेत पिंजरा कमी पडला, दुसऱ्या घटनेत अनुभव. अमेरिकेने तर २०१२ मध्येच या जातीच्या आयातीवर बंदी घातली. पाळलेले साप मोकळे सुटून फ्लोरिडात वाढायला लागले होते, हे त्यामागचं मोठं कारण.

भारतात पाळता येतो का?

आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तो पाळणं गुन्हा आहे आणि त्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. रॉक पायथन, बॉल पायथन यांसारख्या परदेशी जातींची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. "पेपर्स नंतर देतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या नादी लागलात, तर अडचणीत तुम्हीच याल.

अजगर बघायचाच असेल तर पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान आहे. आणि घराजवळ साप दिसला, तर रील काढायच्या आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.